बर्फ, पाणी आणि वाफ

पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण, त्यानंतरचा पहिला रविवार पवित्र त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव या शिकवणीचा रविवार म्हणून पाळतात. पाश्चात्त्य चर्चमध्ये तो सर्वत्र पाळला जावा असे पोप बाविसावे योहान यांनी १३३४ मध्ये ठरवले. दोंडाईच्यातील आमची मंडळी असे सण फारशी पाळत नाही, कारण ज्या अलायन्स मिशनच्या लोकांनी पश्चिम खानदेशात सुवार्ता आणली त्यांना चर्चच्या पंचांगाचे कधीच वेड नव्हते. तरीही मृगाच्या तोंडावर येणाऱ्या त्या रविवारी शब्बाथ शाळेत त्रैक्याचा पाठ घेण्याची प्रथा आमच्याकडे पडली आहे, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो पाठ माझ्याच वाट्याला येतो. भिंतीवर एक जुना तक्ता टांगलेला असे. त्यावर बर्फाचा खडा, पाण्याचा पेला आणि किटलीतून निघणारी वाफ अशी तीन चित्रे होती, आणि खाली ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ असे लिहिलेले होते. पाणी एकच, रूपे तीन. तसाच देव एक आणि रूपे तीन, असे मी कित्येक वर्षे त्या तक्त्याकडे बोट दाखवून सांगत आलो.

गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा उठला. त्याच महिन्यात आम्ही येशूच्या बाप्तिस्म्याची गोष्ट सांगितली होती : येशू यार्देनच्या पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे’ अशी वाणी आकाशातून होते. मुलाने विचारले, “मंग आभायमाईन कोन बोलनं, गुरुजी?” पाणी खाली नदीत उभे असताना वर वाफ बोलते कशी, आणि एकाच पाण्याचा एकाच वेळी बर्फही आणि वाफही कशी होते, हे त्याला कळत नव्हते. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र कबूल करावे लागले की मुलाची शंका बरोबर होती आणि माझा तक्ता चुकीचा होता. चूक साधीही नव्हती. ज्या मताला चर्चने तिसऱ्या शतकात पाखंड ठरवून बाजूला सारले, तेच मत मी त्रैक्याच्या नावाखाली मुलांना शिकवत होतो.

ते मत सबेलियस या शिक्षकाच्या नावाने ओळखले जाते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी तो रोममध्ये शिकवत असे. देव एकच व्यक्ती आहे, तोच निर्माणकर्ता म्हणून पिता, तारणारा म्हणून पुत्र आणि पवित्र करणारा म्हणून आत्मा होतो, असा त्या मताचा आशय आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर एकाच सोंगाड्याने तीन सोंगे घेतली. एकेश्वराची बाजू यात पक्की राहते, पण मग गेथशेमाने बागेत घाम गाळीत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ म्हणणारा येशू कोणाशी बोलत होता, याचे उत्तर सापडत नाही. कार्थेजच्या तेर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने या पक्षाविरुद्ध लिहिताना टोमणा मारला होता की, यांनी पित्यालाच क्रुसावर चढवले. लॅटिन भाषेत ‘त्रिनितास’ हा शब्द देवासाठी प्रथम वापरणारा म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो हाच. ग्रीकमध्ये अंत्युखियाच्या थियोफिलसाने त्याआधीच, सुमारे १८० मध्ये, ‘त्रियास’ हा शब्द वापरला होता. बायबलमध्ये मात्र हा शब्द कोठेही नाही, आणि हे विरोधकांनी सांगण्याआधी आपणच सांगून टाकलेले बरे, असे माझे मत झाले आहे.

हे मत केवळ इतिहासात राहिलेले नाही, हे मला माझ्या भाच्यामुळे कळले. आमच्या भागातील अनेक मुलांप्रमाणे तोही पोटासाठी ताप्ती लाइनने सुरतेला गेला, आणि तेथे अशा एका मंडळीत जाऊ लागला जेथे बाप्तिस्मा केवळ येशूच्या नावाने देतात. मग त्याचा फोन आला : “मामा, माझा लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हता. मी पुन्हा घेणार आहे.” त्याचा युक्तिवाद मी आधी हसण्यावारी नेला आणि नंतर बायबल उघडून बसलो. मत्तय २८:१९ मध्ये प्रभू पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्या असे सांगतो. ‘नावाने’ हे एकवचन आहे, आणि ते नाव कोणते हे प्रेषितांनी आचरणातून दाखवले, असे भाच्याचे म्हणणे होते. खरोखरच, प्रेषितांची कृत्ये २:३८, ८:१६, १०:४८ आणि १९:५ या चारही ठिकाणी बाप्तिस्मा येशूच्या नावाने झालेला दिसतो. याच वचनांवरून १९१३ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या एका पेंटेकॉस्टल शिबिरात हा प्रश्न पेटला, आणि १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाने त्रैक्याच्या बाजूने आपला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचे अधिकृत निवेदन, ठरवल्यावर अनेक पाळक तेथून बाहेर पडले. माझा भाचा त्या परंपरेतील मंडळीत गेला होता. शब्बाथ शाळेतील मुलाची शंका मी त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा तो म्हणाला की देव सर्वव्यापी आहे, तो देह धारण करून नदीत उभा असतानाच आकाशातूनही बोलू शकतो. आणि गेथशेमानेत प्रार्थना करणारा तो येशूचा मानवी स्वभाव होता. उत्तर मोडीत काढण्यासारखे नाही. फक्त मला विचारावेसे वाटते की स्वभाव कधी प्रार्थना करतो का? प्रार्थना करणारा कोणीतरी ‘मी’ असावा लागतो, आणि तो ‘मी’ ज्याला ‘तू’ म्हणतो तो दुसरा असावा लागतो.

दुसरी बाजू माझ्या ओट्यावर चालत आली. दोन बाया भर दुपारी पिशव्या घेऊन आल्या, पाणी प्यायल्या आणि ‘टेहळणी बुरूज’चा अंक पुढे केला. यहोवाच्या साक्षीदारांच्या मते पिता हा एकच देव आहे, पुत्र ही त्याची पहिली निर्मिती आहे, आणि पवित्र आत्मा ही व्यक्ती नसून देवाची क्रियाशील शक्ती आहे. त्यांची वचनेही खोटी नव्हती : ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहान १४:२८ मध्ये आहे, शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नाही हे मार्क १३:३२ मध्ये आहे, आणि कलस्सै १:१५ मध्ये पुत्राला सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ म्हटले आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीवर आम्ही बराच वेळ थांबलो. आमच्या बायबलात ‘शब्द देव होता’ असे आहे, तर त्यांच्या भाषांतरात ‘एक देव’ अशा अर्थाचे शब्द येतात, कारण मूळ ग्रीकमध्ये त्या जागी ‘थेऑस’ या शब्दाला निश्चितदर्शक उपपद नाही. मी जन्मभर मराठी शिकवली, म्हणून मला याची गंमत वाटली. मराठीत असे उपपदच नाही. ‘शब्द देव होता’ या आपल्या वाक्यात ती ग्रीक मोकळीक जशीच्या तशी राहते, आणि ‘एक’ घालणारा किंवा न घालणारा दोघेही भाषांतराच्या आधीच आपले मत ठरवून आलेले असतात. ग्रीक व्याकरणात क्रियापदाच्या आधी येणारे विधेय-नाम बहुधा उपपदाशिवायच येते, त्यामुळे उपपद नाही म्हणून ‘एक देव’ हा निष्कर्ष टिकत नाही, एवढे मी त्यांना सांगितले. त्या मला पटल्या नाहीत आणि मी त्यांना पटलो नाही, पण चहा मात्र सर्वांनी घेतला.

या बायांचा पक्ष मूळचा अलेक्झांड्रियाच्या आरियसाच्या जवळचा आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी या प्रेस्बितरने, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूने, शिकवले की पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा असला तरी तो निर्माण झालेला आहे, आणि ‘तो नव्हता असा एक काळ होता’. जन्म दिलेला जन्म देणाऱ्याच्या नंतरचाच असणार, हे सरळ तर्कशास्त्र होते, आणि त्याने ते गाता येईल अशा पद्यात बसवले होते. हा वाद किती खालपर्यंत झिरपला होता हे निस्साच्या ग्रेगरीने त्याच शतकाच्या उत्तरार्धात कॉन्स्टँटिनोपलच्या बाजाराविषयी लिहिले आहे. भाकरीचा भाव विचारावा तर भाकरीवाला पिता थोर आणि पुत्र धाकटा असे सांगतो, आणि स्नानाची तयारी झाली का म्हणावे तर पुत्र शून्यातून घडला असे उत्तर मिळते. हे वाचताना मला आमचा आठवड्याचा बाजार आठवतो. मिरचीच्या पोत्यावर बसून लोक इतक्याच तावाने बोलतात, पण भाव आणि निवडणुका यांवर.

बादशहा कॉन्स्टंटाईन याने ३२५ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातील इझ्निक येथे, म्हणजे तेव्हाच्या निकेयात, बिशपांची परिषद बोलावली. पुत्र पित्याशी ‘होमोऊसियोस’, एकतत्त्व आहे, हा शब्द तेथे मतांगीकारात आला. नंतर काहींनी ‘होमोइऊसियोस’, म्हणजे समानतत्त्व, हा मधला मार्ग सुचवला. दोन्हींत एका आयोटाचा, म्हणजे ग्रीक ‘इ’ या अक्षराचा, फरक आहे, आणि आपल्याकडेही एका वेलांटीने अर्थ फिरतो हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. निकेयाने वाद मिटला, असे पाठ्यपुस्तकी उत्तर मीही पूर्वी देत असे. तो मिटला नाही. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले, पुढचे काही बादशहा आरियसाच्या बाजूचे निघाले, आणि खुद्द कॉन्स्टंटाईनाला ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा देणारा निकोमेदियाचा युसेबियसही त्याच बाजूचा होता. बादशहाने बहुमताने देव घडवला, असे समाजमाध्यमांवर वारंवार सांगितले जाते. या तपशिलांपुढे ते टिकत नाही, कारण बादशहाचे बळ अनेक वर्षे उलट दिशेला होते.

अथनासियसाचा जो मुद्दा मला आजही सर्वांत भक्कम वाटतो तो तर्काचा कमी आणि उपासनेचा अधिक आहे. ख्रिस्ती लोक आरंभापासून येशूची प्रार्थना करीत होते. शिष्य थोमाने पुनरुत्थित येशूला ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हटले. पुत्र निर्माण केलेला असेल तर ही सर्व उपासना मूर्तिपूजाच ठरते, आणि जो स्वतः निर्माण झालेला आहे तो दुसऱ्याला देवाशी कसा जोडणार? म्हणजे त्रैक्याचा सिद्धांत कोणी खोलीत बसून गणिताने काढला नाही. लोक एकाच देवाला मानत होते आणि तरी तीन नावांनी प्रार्थना करीत होते. त्या आचरणाला न मोडता बोलायचे कसे, असा तो प्रश्न होता.

बोलायचे कसे, यातच पुढची पन्नास वर्षे गेली. कॅपाडोकियाचे बासिल, निस्साचा ग्रेगरी आणि नाझियान्झसचा ग्रेगरी यांनी एक ‘ऊसिया’, म्हणजे तत्त्व, आणि तीन ‘हायपोस्टेसिस’, म्हणजे व्यक्ती, अशी भाषा रुळवली. लॅटिन बोलणाऱ्यांकडे ‘पर्सोना’ हा शब्द होता, आणि त्याचा जुना अर्थ नाटकातील मुखवटा. ग्रीकांना तीन पर्सोना ऐकून सबेलियसाची सोंगे दिसत, आणि लॅटिनांना तीन हायपोस्टेसिस ऐकून तीन देव दिसत. अखेर अलेक्झांड्रियात ३६२ मध्ये अथनासियसाच्या अध्यक्षतेखालील सभेने दोघांनाही विचारले की तुम्हाला नेमके म्हणायचे काय आहे, आणि दोघांचे शब्द वेगळे पण आशय एक असल्याचे मान्य केले. पवित्र आत्म्याविषयी ३२५ च्या मतांगीकारात ‘आणि पवित्र आत्म्यावर’ एवढेच होते. त्यापुढचा भाग ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडला जातो. आत्मा केवळ पित्यापासून निघतो की पित्यापासून व पुत्रापासून, या ‘फिलिओक्वे’च्या वादाने पूर्व आणि पश्चिम दुरावले ते पुढे, पण तो वाद त्रैक्य मानणाऱ्यांमधलाच आहे आणि खानदेशात त्यावरून कोणी भांडल्याचे मी पाहिलेले नाही.

आमची मराठी अडचण निराळीच आहे. ‘त्रि’ आणि ‘ऐक्य’ यांचा संधी ‘त्र्यैक्य’ व्हायला हवा, तो वापरात ‘त्रैक्य’ झाला, हे चालून जाते. पण ‘तीन व्यक्ती’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तीन माणसे उभी राहतात. त्यातही मोजताना काय म्हणावे? माणसे असतील तर ‘तिघे’, वस्तू असतील तर ‘तीन’. ‘तिघे’ म्हटले की तीन देव होतात आणि ‘तीन’ म्हटले की तीन वस्तू होतात. ‘आत्मा’ हा शब्द तर आणखी गोंधळाचा आहे. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या परिसरात वाढलेल्या माणसाला त्यात अद्वैत ऐकू येते, आणि पाड्यावरील आजीला मेलेल्या माणसाचा आत्मा. पाश्चात्त्य चर्चचा आचार्य ऑगस्टिन याने लॅटिनसंबंधी जी कबुली दिली ती मला म्हणून जवळची वाटते : आपण ‘तीन व्यक्ती’ म्हणतो ते नेमके तसे म्हणायचे असते म्हणून नव्हे, तर अगदीच गप्प बसावे लागू नये म्हणून.

शेजारचे एक वयस्कर गृहस्थ महानुभाव पंथाचे आहेत. सकाळी भेटले की ‘दंडवत’ म्हणतात आणि मी ‘नमस्कार’ म्हणतो. दत्तजयंतीला ते सारंगखेड्याला जातात. तेथील यात्रा घोड्यांच्या बाजारामुळे दूरवर प्रसिद्ध आहे, पण तिचा दत्त एकमुखी आहे, आणि ते त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात घरोघरी दिसणारा तीन शिरांचा दत्त म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश एकत्र. महानुभावांच्या विचारात देवता आणि परमेश्वर हे मुळात वेगळे पदार्थ आहेत, आणि श्रीदत्तात्रेय प्रभू हा परमेश्वराचा अवतार असल्यामुळे तो देवतांच्या बेरजेने होत नाही. माझ्या त्रैक्याच्या अडचणी ऐकून ते म्हणाले, “म्हणजे तुमच्यातही एकमुखी आणि त्रिमुखी असे भांडण आहे तर.” उपमा मोठी मार्मिक होती, पण पूर्ण बसत नाही, कारण त्रैक्य म्हणजे तीन देवतांचे एक होणेही नव्हे आणि तीन कामांची वाटणीही नव्हे. सृष्टी, स्थिती आणि लय अशी खाती पिता, पुत्र, आत्मा यांना वाटून देणारे भाषण मी सर्वधर्मसभेत अनेकदा ऐकले आहे. चांगल्या हेतूने केलेले असते, आणि दोन्ही परंपरांवर अन्याय करते. माझे जुने मुसलमान सहकारी याबाबत अधिक रोखठोक होते. ‘तीन म्हणू नका’ हे कुराणात ४:१७१ मध्ये स्पष्ट आहे, असे सांगून ते विषय संपवीत. ५:११६ मध्ये येशूबरोबर त्याच्या आईचे नाव येते, तेव्हा त्या ठिकाणी नाकारलेले त्रिकूट आणि निकेयाचे त्रैक्य एकच नव्हे, असे मी म्हणत असे. ‘असेल, पण आकडा तोच,’ असे त्यांचे उत्तर ठरलेले होते.

हा वाद आपल्या देशात नवा नाही. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूची नीतिवचने वेगळी काढून छापली आणि बंगालमधील श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमन या मिशनऱ्याशी त्यांचे दीर्घ वाद झाले. राममोहन यांच्यासह योहानाचे शुभवर्तमान बंगालीत आणताना, सर्व काही शब्दा‘ने’ झाले की शब्दा‘च्या द्वारे’, या एका अव्ययावरून बाप्टिस्ट मिशनरी विल्यम अॅडम स्वतःच एकेश्वरवादी (युनिटेरियन), म्हणजे त्रैक्य न मानणारा झाला, आणि लोकांनी त्याला दुसरा पतित आदाम म्हटले. आपल्या पंडिता रमाबाईंची गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर, पुढे चेल्टनहॅमला शिकत असताना, त्यांनी त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना पत्रांतून निर्भीडपणे प्रश्न विचारले, आणि चर्च सांगते म्हणून मान्य करण्यास नकार दिला. ज्या बाईने पुढे संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले तिला आमच्या शब्बाथ शाळेत ही पत्रे लिहिण्याबद्दल कोपऱ्यात उभे केले असते, असे मला कधीकधी वाटते. शंका घेणाऱ्यांशी आम्ही याहून वाईटही वागलो आहोत : त्रैक्य नाकारल्याबद्दल मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश विद्वानाला १५५३ मध्ये जिनिव्हात जिवंत जाळले, आणि ते प्रोटेस्टंटांचे शहर होते.

मी त्रैक्य मानतो. पण ते काय आहे यापेक्षा काय नाही हेच मला आता नीट सांगता येते : पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, तरी देव तीन नव्हेत, आणि कोणी कोणाहून नंतर झालेला नाही. यापुढे दिलेली प्रत्येक उपमा, मग ती पाणी असो, त्रिदल बेलपान असो की सूर्य, किरण आणि ऊब असो, सबेलियसाकडे किंवा आरियसाकडे घसरते. माझ्या भाच्याला मी शेवटी एवढेच लिहिले की तुझा पहिला बाप्तिस्मा खोटा नव्हता, आणि दुसऱ्याला मी येईन. डिसेंबरात मी सुरतेला जाऊन आलो.

यंदा पाठाच्या आदल्या दिवशी मी तो तक्ता उतरवून ठेवला. मुलांना फक्त यार्देनची गोष्ट पुन्हा सांगितली आणि चित्र काढायला लावले. मागच्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने यार्देनवर सारंगखेड्याचा तापीवरचा पूल काढला, पाण्यात एक माणूस उभा केला, त्याच्या डोक्यावर पाखरू काढले, आणि वरचा अर्धा कागद कोरा ठेवला. तेथे काय राहिले असे विचारल्यावर तो म्हणाला की तेथे आवाज आहे.